चाकांवरचं घर आणि पाठ फिरवलेला आजा

ते प्रकरण आठवलं की आजही माझा हात आपोआप मिशीकडे जातो. पेन्शनीत बसलेल्या माणसाच्या मिशीला आता कोण विचारतो म्हणा! पण त्या काळी ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे चोर एकमेकांना नुसती तिची लांबी सांगून घाबरवत असत. मी कल्याणला फौजदार होतो. हाताखाली एक जमादार, काही शिपाई आणि एक कोठडी. कोठडीचं दार जोरात ढकललं तर उघडत असे. पण हे एकाही कैद्याला कधी कळलं नाही, कारण माझ्या चौकीत दार जोरात ढकलायची कोणाची छाती नव्हती.

नावं मी घेणार नाही. ती घरं अजून नांदती आहेत आणि सणासुदीला मला त्यांच्याकडून मासळी येते. ती बंद व्हावी अशी माझी इच्छा नाही.

तर एका सकाळी मी चौकीच्या ओट्यावर हजेरी घेत होतो. एक शिपाई पागोटं सावरत धावत आला.

"साहेब, रस्त्यावरून घर येतंय!"

"शुद्धीवर आहेस ना रे?"

"आईशपथ साहेब. खिडक्या आहेत, पडदे आहेत, धूरसुद्धा निघतोय!"

मी बाहेर आलो आणि माझं तोंड उघडं राहिलं. खरंच घर येत होतं. खाली चार चाकं, पुढे चार बैल, वर सागवानी भिंती, भिंतींना खिडक्या आणि छपरावर चक्क कौलं. ते घर इतकं लांब होतं की पुढचे बैल माझ्या ओट्याशी उभे राहिले तेव्हा मागची चाकं अजून डोंबिवलीच्या शिवारात होती. कोणाला वाटेल मी वाढवून सांगतोय. त्याने ती गाडी पाहिलेली नाही, एवढंच मी म्हणेन.

मालक उतरले. कोपरीचे मोठे आगरवाले, मिठाचे ढीग ज्यांच्या दारात डोंगरासारखे उभे असत. मी त्यांना आगरवालेच म्हणतो. त्यांच्यामागून त्यांची बायको उतरली. तिला सगळं गाव 'बाय' म्हणे, म्हणून मीही बायच म्हणेन. तिच्यामागे लग्नाला आलेली मुलगी, अन् मुलीच्या मागे एक गंध लावलेले गृहस्थ. हे नवरदेवाचे चुलते. नवरदेवाचं घर डोंबिवलीचं. डोंबिवली तेव्हा भातशेतांत हरवलेलं एक खेडं होतं.

आगरवाल्यांच्या घराण्यात अशी रीत होती की लग्नाआधी घरचे देव कार्ल्याच्या आईच्या भेटीला न्यायचे, आणि नवरीने सासरहून आलेले साखरपुड्याचे दागिने अंगावर घालून आईच्या पाया पडायचं. तेव्हा देव आले, दागिने आले, नवरी आली. सासरच्या बाजूने साक्षीला एक माणूस लागतो, म्हणून चुलते आले.

"मग आगगाडीने का नाही गेलात?" मी विचारलं. "पुण्याच्या बाजूला रोज गाड्या जातात."

उत्तर बायने दिलं. "आगगाडीन? आन् कोनी परका मानूस माझ्या देवांच्या डोक्यावर गाठोडं ठेवल त? देवांना काय तिकीट काढू? माझ्या सासऱ्याला काय बाकाखाली सरकवू?"

तिचा सासरा वारून बरीच वर्षं झाली होती. पण तो देवांबरोबर प्रवासाला निघाला होता, कारण चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला त्याचा टाक देव्हाऱ्यात होता. टाक म्हणजे तळहातापेक्षा लहान अशी चांदीची मूर्तीच म्हणा. देवीचा एक, खंडोबाचा एक, आणखी दोन देवांचे दोन, आणि घरच्या पूर्वजाचा एक. बाय त्या पूर्वजाशी रोज बोले. जिवंतपणी ती सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. आता त्याला मीठ स्वस्त झाल्याचंसुद्धा खडसावून सांगे.

आगरवाल्यांनी मला बाजूला घेतलं. "फौजदारसाहेब, गाडी मोठी केली, पन आता झोप लागत नाय. जिथं उतरतो तिथं लोकं खिडकीतून डोकावतान. लग्न तोंडावर आलंय. सोनं सासरचं हाय. त्याला काय झालं तर माझ्या पोरीच्या हलदीला कोन येल? लोक म्हनतील, आगरवाल्यानं व्याह्याचं सोनं इकलं."

त्या क्षणी ते प्रकरण माझं झालं. चाकांवरचं घर कसं सांभाळायचं हे जगात त्यापूर्वी कोणी सांगितलेलं नव्हतं. मी उभ्या उभ्या शास्त्र रचलं. खिडक्यांना आतून गज. दाराला भलंमोठं कुलूप लटकवू नका, कारण ते आतल्या मालाची दवंडी पिटतं. बेताचं घ्या, पण दुहेरी किल्लीचं. किल्ली बायच्या कमरेला. मुक्कामाला दार नेहमी चुली पेटलेल्या असतील त्या बाजूला करा. चोराला अंधारापेक्षा चार बायकांच्या नजरा नडतात. दाराला आतून पितळी घंटा बांधा. आणि सोनं? सोन्यासाठी मी देव्हाऱ्याखाली चोरकप्पा करायला लावला. वरची फळी उचलल्याशिवाय तो उघडत नसे, आणि सगळे देव खाली घेतल्याशिवाय फळी उचलत नसे.

"देवांच्या पायाखाली सोनं," मी ओरडून म्हणालो. "कोणाची माय व्यालीय हात घालायला!"

माझा जमादार मागे उभा होता. शुष्क माणूस. त्याला माझ्या कोणत्याच गोष्टीचं कौतुक नसे.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हे एवढ्या मोठ्याने सांगायचं होतं का?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ऐकणारे होते कोण? घरचे लोक, त्यांचा गाडीवान आणि चुलते. चुलत्यांनी तर ऐकून कानांच्या पाळ्यांना हात लावले. मोठा सोवळा माणूस. वाटेत दगडाला शेंदूर दिसला तरी वहाणा काढून नमस्कार करणारा.

घर पुढे गेलं. विठ्ठलवाडी, बदलापूर, मग घाट. घाटात बैलांना मागून हत्तीने ढकललं असं मी नंतर बाजारात सांगत असे. हत्ती नव्हता हे कबूल, पण असता तर त्याने ढकललं असतंच. देव आईला भेटले, नवरी पाया पडली, आणि मंडळी सुखरूप परत निघाली. कल्याणच्या पेठेत मी सगळ्यांना सांगत सुटलो की माझ्या शास्त्राने बांधलेलं घर लुटायला चोराला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

आणि भर दुपारी विठ्ठलवाडीच्या पोलीस पाटलाचा माणूस धापा टाकत चौकीवर आला. घर फुटलं होतं.

मी घोडी अशी काढली की वाटेत वालधुनी नदीला पाणी होतं की नव्हतं हे मला आजवर सांगता येत नाही. जमादार मागून पोचला तोवर माझा अर्धा पंचनामा झाला होता.

गाडी आंब्याखाली उभी होती, विहीर जरा लांब, झाडीच्या पलीकडे. मंडळी विहिरीवर आंघोळीला गेली होती. गाडीवान बैल पाण्यावर नेतो म्हणून गेला होता. बाय ओल्या केसांनी पूजेला आली, किल्लीने कुलूप उघडलं, घंटा वाजली, सगळं जागच्या जागी. गज शाबूत, कुलूप शाबूत. आणि मग तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं.

मी आत शिरलो तेव्हा ती छाती बडवत होती.

"माझं देव हललं! फौजदारा, माझं देव कोनी हलवलं! बघ, बघ माझ्या सासऱ्याला! त्यानं माझ्याकरं पाठ फिरवली!"

मी वाकून पाहिलं. चार देव मागच्या फळीला टेकून नीट आपल्याकडे तोंड करून उभे होते. पूर्वजाचा टाक मात्र त्यांच्या ओळीत नव्हता. तो समोरच्या कठड्याला टेकून उभा होता, तोंड देवांकडे आणि पाठ आमच्याकडे.

"रोज कसा असतो?"

"ओलीत! देवीच्या डाव्या हाताला! माझ्याकरं बघत!"

चोरकप्पा रिकामा होता. ठुशी नाही, पुतळ्यांची माळ नाही, गोठ नाहीत. मुलगी दाराशी मान खाली घालून बसली होती. आगरवाले कपाळाला हात लावून म्हणाले, "गेलं. पोरीचं लगीन गेलं."

तेवढ्यात चुलते ओलेत्याने आले. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "वहिनी, सोन्याचं सोडा. पूर्वजानं पाठ फिरवलीय. याचा अर्थ काय ते मी माझ्या तोंडानं कसा सांगू? हे लगीन त्याला पसंत नाय. उगाच पुढं रेटू नये. मी डोंबिवलीला जाऊन दादाला समजावतो. आमी सोन्याचं नावबी काढनार नाय."

केवढं मोठं मन! आगरवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाय रडतच म्हणाली, "खरंच तसं हाय का व्याही? म्हातारा माझ्या पोरीवर रुसला?" आणि मुलीने पहिल्यांदा मान वर केली. मी बरेच गुन्हेगार आणि बऱ्याच फिर्यादी पाहिल्या, पण असा चेहरा पाहिला नाही. आपलं लग्न मेलेल्या आजाने मोडलं, हे त्या पोरीला जिवंत माणसांसमोर ऐकावं लागत होतं.

माझी मिशी थरथरली. "जमादार," मी ओरडलो, "चांदीचा टाक आपणहून कूस बदलतो असा एकही गुन्हा आपल्याकडे नोंदलेला आहे का?"

"नाही साहेब."

"मग कोणीतरी फिरवलाय!"

आता चोर आत आला कसा? कुलूप हे बायकोच्या रागासारखं असतं. समोरून जितकं भक्कम दिसतं तितकी दुसरी बाजू मोकळी असते. जमादार दाराची दुसरी बाजू चाचपत होता. त्याने बिजागरीत बोट घातलं आणि लोखंडी खीळ अलगद बाहेर काढली. बिजागऱ्या बाहेरून होत्या! चोराने खिळा काढल्या, कुलूप जागच्या जागी ठेवून दार उलट बाजूने फटीएवढं उघडलं, आत सरकला, काम झाल्यावर खिळा परत बसवल्या. घंटा कुलपाच्या बाजूला बांधलेली, ती हललीसुद्धा नाही. दोष सुताराचा. मी कुलपाबद्दल बोललो होतो, बिजागरीबद्दल मला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे चोराला गाडी ठाऊक होती, चोरकप्पा ठाऊक होता, आणि त्याच्या हाताला घाई नव्हती. बाहेरचा चोर असता तर टाकांची चांदीही गोळा करून गेला असता. याने चांदी नेली नाही, उलट देव परत मांडून ठेवले.

संध्याकाळच्या आत बातमी आली. ताडीच्या दुकानदाराचा निरोप: आगरवाल्यांचा गाडीवान माडाखाली पडलाय, सगळ्यांना पाजतोय आणि गाणी म्हणतोय. बैल एकटेच पाणी पिऊन परत आले होते, आणि त्यांच्यात गाडीवानापेक्षा जास्त अक्कल होती. शिपायांनी त्याला उचलून आणला.

जमादाराने विचारलं, "थोडा प्रसाद देऊ का साहेब?"

"नको." माझं मत आजही तेच आहे. मार खाल्लेला माणूस खून केल्याचंही कबूल करतो, आणि खून झालेला माणूस बाजारात भेंडी निवडत असतो. शिवाय पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. आरोपी माल काढून देतो, तेवढंच टिकतं.

मी गाडीवानाच्या डोक्यावर विहिरीची बादली उपडी केली.

"दारूला पैसे कुठून आले?"

"त्यांनीच दिलं," तो चुलत्यांकडे बोट करून म्हणाला. "म्हनलं, जा रं मर्दा, देव भेटून आलं, मजा कर. गाडीजवल मी हाय."

चुलत्यांनी शांतपणे गंध सारखं केलं. "दारू पिलेल्या मानसाच्या जिभेला काय हाड? मी नदीवर व्हतो. तुमीच बघितलं ना, मी ओलेत्यानं आलो."

आता सांगा. एकीकडे झिंगलेला गाडीवान, दुसरीकडे सकाळ-संध्याकाळ स्नान करणारा गृहस्थ आणि वरून तो व्याही. त्याच्यावर नुसता संशय घेतला तरी लग्न जागच्या जागी मोडलं. आणि नाही घेतला तरी मोडलंच. आगरवाले माझा हात धरून म्हणाले, "साहेब, व्याह्याला काय इचारू नका. पाया पडतो. जे काय उरलंय ते तरी राहू दे."

मी रात्रभर विचार केला असं सांगायचा मोह होतो. खरं म्हणजे मी गाढ झोपलो. कल्पना सकाळी आली, बाय देव्हाऱ्यापुढे बसून सासऱ्याची विनवणी करत होती तेव्हा. तिने त्याला अजून सरळ केलं नव्हतं. "आपन होऊन फिरल तेव्हाच," असं तिचं म्हणणं. ती बोलताना सारखी म्हणत होती, "आमच्या घरात असं नस्तं रे, आमच्या घरात असं नस्तं."

त्यांच्या घरात असं नसतं. मग कोणाच्या घरात असतं?

मी टाळी अशी वाजवली की विठ्ठलवाडीतले कावळे अंबरनाथला जाऊन बसले.

"बाय," मी म्हणालो, "म्हातारा रुसलाय ना? मग त्याची समजूत काढायला हवी. सगळे देव खाली घ्या, धुवा, पुसा आणि नव्याने मांडा. पण तुम्ही नाही. तुमच्यावर तो रागावलाय. पुरुषमंडळींनी मांडायचे, एकेकाने, आणि बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. ज्याच्या हातचं त्याला आवडेल त्याच्या हातचं."

हे शास्त्र मी त्याच क्षणी रचलं, पण आवाज असा लावला की जमादारानेही पागोटं काढून हात जोडले.

आधी मी आगरवाल्यांना आत घेतलं. दोन पंच कडेला बसवले होते, बाय कोपऱ्यात. आगरवाल्यांनी आयुष्यात कधी देव मांडले नव्हते. ते बायकोचं काम. त्यांनी खंडोबा उलटा ठेवला, बापाला सुपारीखाली दाबला आणि विचारलं, "बरोबर ना गो?" बायने त्यांना जे उत्तर दिलं ते पंचनाम्यात घेता आलं नाही.

मग गाडीवान. त्याचे हात ताडीने अजून कापत होते. त्याने पाचही टाक बैल बांधावेत तसे एका ओळीत दाटीवाटीने लावले आणि मागे सरून दंडवत घातला.

मग चुलते. त्यांनी दाराशी वहाणा काढल्या. हात धुतले. एकेक टाक घेऊन उपरण्याच्या टोकाने हळुवार पुसला, जसं तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं. ओठांत काहीतरी पुटपुटत होते. त्या वेळी त्यांना माझी मिशी दिसत नव्हती, पंच दिसत नव्हते, ते लहानपणापासून जे करत आले तेच करत होते. देवी ठेवली. खंडोबा ठेवला. दोन देव ठेवले. आणि पूर्वजाचा टाक उचलून तो न थांबता समोरच्या कठड्याला टेकवला. तोंड देवांकडे. पाठ आमच्याकडे.

कोपऱ्यातून बाय उठून देव्हाऱ्याजवळ आली.

"व्याही," बाय हळू आवाजात म्हणाली. एवढ्या दोन दिवसांत तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "त्याला तिथं का ठेवलं?"

"पूर्वज देव नस्तो वहिनी," ते सहज म्हणाले. "तो बी देवाची पूजाच करतो. आमच्या घरात तो देवांपुढंच..."

आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

मी काही विचारलं नाही. तोवरच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो: अशा वेळी फौजदाराने गप्प बसावं. मला गप्प बसणं किती जड जातं हे माझ्या घरी विचारा. त्या दिवशी मी इतका गप्प होतो की जमादाराने माझी नाडी पाहिली.

चुलते उतरले. गाडीखाली वाकले. कण्याजवळ चाकांच्या वंगणाची बुधली टांगलेली होती, काळ्याकुट्ट तेलाची. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि वंगणातून ठुशी बाहेर काढली, माळ काढली, गोठ काढले. सोनं गाडीतून कधी गेलंच नव्हतं. घराच्या खालीच लटकत होतं, गाडीवान रोज चाकांना लावत असे त्याच वंगणात. पंचांनी सह्या केल्या. मुद्देमाल जप्त.

"का?" आगरवाल्यांनी एवढंच विचारलं.

चुलत्यांना सोनं नकोच होतं. पुतण्या त्यांच्या मेहुण्याच्या मुलीला द्यायचा, असा शब्द त्यांनी सासुरवाडीत देऊन ठेवला होता. त्यांना न विचारता भावाने कोपरीला साखरपुडा केला. लग्न मोडायचं होतं, बस. देव परत नीट मांडले ते कोणाला कळू नये म्हणूनच. पूर्वजाने पाठ फिरवली असं जेव्हा बाय ओरडली तेव्हा त्यांना स्वतःलाच कळेना, की नीट मांडलेल्या देवांत हिला वाकडं काय दिसलं. पण संधी दिसली, आणि ती त्यांनी घेतली.

खरं संकट आता उभं राहिलं. चोर सापडला, माल सापडला, आणि चोर निघाला नवऱ्याचा काका! फिर्याद मागे घेता येण्यासारखी नव्हती. मी कागद पुढे पाठवला होता. डोंबिवलीहून नवरदेवाचे वडील आले. मोठा उंचपुरा माणूस. चौकीत येऊन त्यांनी पागोटं काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"माझ्या भावाचं नाव ठासून लिवा, फौजदारसाहेब. मी कोर्टात सांगन की ती मांडनी आमच्याच घरची. पन यांना इचारा," ते आगरवाल्यांकडे न बघता म्हणाले, "आता आमच्या घरात पोर देतील का ते. नाय म्हनले तर सोनं ठेवा, पोरीच्या डोळ्यातलं पानी आमच्या माथी."

आगरवाल्यांनी बायकडे पाहिलं. बायने जमिनीकडे. चोराच्या घरात मुलगी द्यायची? कोपरीत काय म्हणतील? मी घसा खाकरला, एक लांबलचक भाषण तयार होतं. पण माझ्याआधी मुलगी बोलली. आख्ख्या प्रकरणात तिचा आवाज मी तेव्हाच ऐकला.

"मी जानार."

"अगं पोरी..." बाय म्हणाली.

"आये, चोरी करताना त्यानं वहाना बाहेर काढल्या असतील बघ. आजाला उपरन्यानं पुसला, चांदी नेली नाय. त्या घरात चोराला बी असं शिकवलंय, तर बाकीच्यांना काय काय शिकवलं असल? आन् आजा माझ्यावर रुसला नव्हता. मना तेवढंच पायजे व्हतं."

जमादाराने नाक शिंकरलं. त्याला तेव्हा पडसं नव्हतं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सोनं हमीवर आधीच परत दिलं होतं. धवलारणीने, म्हणजे त्यांच्याकडे लग्नाची गाणी म्हणून विधी करणाऱ्या बाईने, एका गाण्यात मला घातलं. त्यात माझ्या मिशीवर दोन पोपट बसले होते. खरं तर एकच बसला असता, पण कलावंताला मी टोकत नाही. चुलते तेव्हा ठाण्याच्या तुरुंगात होते.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते सांगतो. चोर नेतो काय याचा तपास सगळेच करतात. त्याने ठेवलं काय आणि कसं ठेवलं, ते पाहावं. कुलूप तोडताना माणूस सावध असतो, वस्तू जागेवर ठेवताना तो आपल्या आईच्या घरात असतो. पुढे या एका गोष्टीवर मी अनेक गुन्हे उघडकीला आणले, आणि प्रवासात घर कसं सांभाळावं असं कोणी विचारलं तर आधी बिजागऱ्या पाहतो.

पण मला वाटतं ते सगळं शास्त्र त्या मुलीने नंतर मोडीत काढलं. चुलते सुटून आले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी एका समन्सच्या कामाने डोंबिवलीला गेलो होतो. कापणीचे दिवस, गावात चिटपाखरू नाही. त्यांच्या ओट्यावर चुलते एकटेच बसलेले दिसले, ताठ, भिंतीला न टेकता. मला पाहून उठले नाहीत.

"घरात कोण आहे?" मी विचारलं.

"कोन नाय. सगली शेतावर." त्यांनी मूठ उघडली. आत किल्ली होती, घट्ट धरल्यामुळे तिचा ठसा तळहातावर उमटलेला. "सूनबाय देऊन गेली. म्हनली, काका, घर तुमच्यावर. सोन्याची पेटी बी उघडीच हाय म्हनली."

"मग पाणी तरी द्या आतून. उन्हातून आलोय."

ते जागचे हलले नाहीत. "विहिरीवर घ्या, फौजदारसाहेब," ते म्हणाले. "सकालपासून मीबी आत गेलो नाय. ती येऊ दे. मग दोघांना पानी मिलंल."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो, आणि ती येईपर्यंत आम्ही दोघेही तहानलेले राहिलो.